आवाज बंद करून पाहिलेला सामना

मुलींचा संघ हरल्याचं कळलं तेव्हा तपासनीस भिंगातून एका मोडलेल्या दांड्याकडे पाहत होता. कारखान्यात त्याचं कामच ते होतं. बाहेर गेलेला एखादा भाग तुटून परत आला की त्याच्या टेबलावर यायचा. चीर कुठून सुरू झाली, कोणत्या यंत्रावर आणि कोणाच्या पाळीत, हे तो मागे मागे जात शोधून काढायचा. ‘आपोआप काही मोडत नसतं, कोणीतरी मोडलेलं असतं,’ असं तो नेहमी म्हणायचा. नाव सगळे विसरले होते. कारखान्यातही तपासनीस आणि मुलीच्या हॉकी क्लबातही तपासनीसच.

त्या दिवशी ज्युनियर मुलींचा बाद फेरीचा सामना होता. त्याची एकुलती एक लेक संघाची गोलकीपर. तिला आईनं लहानपणी ‘खारू’ म्हणून हाक मारली, तीच पुढे मैदानावर चालू राहिली. सामन्याला जायची त्याची फार इच्छा होती. पण बायको वारली तेव्हाच त्याची वर्षाची रजा संपली होती.

कोचचा फोन आला. “तीन-दोन. शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ला हो. हातातोंडाशी आलेला घास गेला.”

“कोणाची चूक?” तपासनीसानं विचारलं.

लेक कशी आहे, रडतेय का, हे त्यानं विचारलं नाही. वाचकहो, आपणही अशा वेळी आधी काय विचारतो, ते आठवून पाहा.

“ते तुम्हीच सांगायचं,” कोच म्हणाला. “व्हिडिओ पाठवतो. रविवारी पंचनामा.”

पंचनामा ही त्या क्लबची जुनी रीत होती. हरलेल्या सामन्यानंतर मुली, त्यांचे आईवडील आणि कोच क्लबच्या खोलीत जमायचे. भिंतीवर व्हिडिओ लागायचा. जिथं सामना हातचा गेला तिथं तपासनीस चित्र थांबवायचा आणि काठीचं टोक एका मुलीवर ठेवायचा. ती मुलगी पुढच्या स्पर्धेत राखीव बाकावर. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. उलट ‘आमच्याकडे शिस्त आहे’ असं लोक अभिमानानं सांगत.

घरी आला तर गॅलरीत गोलकीपरचे पॅड वाळत टाकलेले होते आणि खारूच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्याच्या सासूबाई आपली लेक गेल्यापासून नातीसाठी इथंच राहत होत्या. त्या म्हणाल्या, “पोरगी जेवली नाही. आधी तिच्याशी बोला.”

“आलोच,” म्हणून तो फोन घेऊन बसला, व्हिडिओचा आवाज नेहमीसारखा बंद. बसला तो बसलाच.

सामना अटीतटीचा झाला होता. आपल्या मुलींनी पहिल्या दहा मिनिटांतच गोल केला होता. मग समोरच्यांनी बरोबरी साधली, पुन्हा आपण पुढे, पुन्हा बरोबरी. चौथ्या सत्रात आपल्या मुली मागे मागे सरकत गेल्या. शेवटच्या मिनिटाला आपल्या डावीकडून एक जोरदार फटका गोलसमोर आला. चेंडूच्या वाटेत आपली बचावपटू उभी होती. तिला सगळे ‘भिंत’ म्हणत, कारण तिच्यातून काही आरपार जात नसे. तिची स्टिक जमिनीला टेकलेली होती. चेंडू अडणार यात शंकाच नव्हती. आणि तेवढ्यात तिनं स्टिक उचलली! चेंडू खालून निघून गेला. खारू पुढे झेपावली, पण मागून आलेल्या समोरच्या संघातल्या मुलीनं तिच्या आधी स्टिक लावली. गोल.

त्यानं ते पुन्हा पाहिलं. उठला, पाणी प्यायला, पुन्हा पाहिलं. चहा समोर गार झाला.

“खारू,” त्यानं दारातून हाक मारली, “भिंतीनं स्टिक का उचलली?”

आतून उत्तर आलं. “माहीत नाही.”

रविवारी क्लबची खोली भरली. कोचनं व्हिडिओ लावला आणि नेहमीप्रमाणे म्हणाला, “आवाज बंद ठेवतो. नाहीतर आपलाच गोंगाट ऐकत बसू.” सगळे हसले.

तपासनीसानं चित्र थांबवलं. भिंतीची स्टिक हवेत होती. काठीचं टोक तिथं टेकलं.

“घाबरली,” मागून कोणीतरी म्हणालं.

“कसली भिंत? पडकी भिंत!” दुसऱ्या एकानं री ओढली.

भिंतीचे वडील बसचे ड्रायव्हर होते. गणवेशातच आले होते. ते लेकीला हलवून म्हणाले, “अगं बोल ना काहीतरी! का उचललीस?”

भिंतीनं एकदा खारूकडे पाहिलं. मग खाली पाहून म्हणाली, “उचलली गेली.”

एवढंच बोलली. जाताना तिनं आपली स्टिक आणि संघाचा टी-शर्ट क्लबच्या टेबलावर ठेवला. कोचनं विचारलं तर म्हणाली, “बाकावर बसायला मी कशाला येऊ, सर?” तिच्या वडिलांनी टी-शर्ट उचलून पुन्हा तिच्या हातात कोंबला. तिनं तो पुन्हा ठेवला आणि बाहेर पडली.

दोषी सापडली होती. पण तपासनीसाला काही केल्या चैन पडेना. घरी येऊन त्यानं पुन्हा फोन काढला. हॉल ते गॅलरी, गॅलरी ते हॉल, त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या.

“बसा की एका जागी,” सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. “फरशी झिजेल.”

“जुळत नाही हो. ती पोरगी घाबरणारी नाही. मागे ओठ फुटला तरी जागची हलली नव्हती. आणि या सामन्यात एकदम स्टिक उचलते?”

“मग तिलाच विचारायचं.”

“विचारलं ना! सगळ्यांसमोर विचारलं. गप्प बसली.”

“सगळ्यांसमोर विचारलंत म्हणूनच गप्प बसली, जावईबापू. शिक्षा आधी ठरवायची आणि मग खरं बोल म्हणायचं. कोण बोलेल? तिथं माणूस उत्तर देत नाही, जीव वाचवतो. नाहीतर दुसऱ्याचा वाचवतो.”

“पण दोष कोणाचा हे कळायला नको? उद्या तीच चूक पुन्हा होईल.”

“तुमच्या टेबलावर लोखंड येतं. त्याला काठी दाखवली तरी त्याचं काही बिघडत नाही. ही पोरं आहेत.” सासूबाईंनी भाजीचं ताट बाजूला सरकवलं. “बोलू नये असं ठरवलं होतं, पण आज बोलते. माझी लेक गेली त्या दिवशीही तुम्ही हेच केलंत. घर माणसांनी भरलं होतं. तुमचे भाऊ, माझा मुलगा, शेजारी, सगळे. आणि तुम्ही मधे उभे राहून मोठ्यानं विचारलंत, ‘तिच्या छातीत दुखत होतं हे कोणाकोणाला माहीत होतं?’ आठवतंय?”

आठवत होतं. तो थांबला.

“कोणी उत्तर दिलं?”

“नाही. कोणालाच माहीत नव्हतं.”

“मला माहीत होतं,” मागून आवाज आला.

खारू दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

“आई म्हणाली होती, बाबांना सांगू नकोस, उगाच घोर लावून घेतील. तुझा सामना होऊ दे, मग डॉक्टरकडे जाऊ. मी हो म्हटलं.”

तपासनीसाच्या जिभेवर लगेच प्रश्न आला, ‘मग तू सांगितलं का नाहीस?’ आयुष्यभराची सवय होती ती! पण लेकीचा चेहरा पाहून त्यानं तो प्रश्न गिळला.

खारूच बोलत राहिली. आता ती थांबणार नव्हती. “आणि भिंत घाबरली नव्हती. मी ओरडले होते. ‘सोड, माझा!’ म्हणून ओरडले, म्हणून तिनं स्टिक उचलली. मला वाटलं मी पोचेन. नाही पोचले.”

“पंचनाम्यात बोलली का नाही ती?” सासूबाईंनी हळूच विचारलं.

“मी तिला विचारलं, आजी. म्हणाली, तुझी आई गेलीय, त्यात हे कशाला. मी बसते बाकावर.” खारूनं बाहीनं नाक पुसलं. “आणि मी बोलले नाही, कारण बाबा एक चीर सापडली की थांबत नाहीत. मागे मागे जातात. तुम्हीच सांगता ना, बाबा, चीर मागे जाऊन शोधायची? मला वाटलं, हे सांगितलं तर तुम्ही विचाराल, आणखी काय काय लपवलंस. आणि तुम्ही आईपर्यंत पोचाल.”

केवढी मोठी चूक! ज्या घरात सत्य शोधायचा एवढा आग्रह, त्याच घरात एक मूल सत्य उरात दाबून वावरत होतं, आणि बापाला पत्ताही नव्हता!

तो खाली, फरशीवरच बसला. खारू त्याच्याजवळ येऊन बसली. “आई गेली ती तुझ्यामुळे नाही,” तो म्हणाला. सासूबाईंनी पुन्हा भाजीचं ताट ओढलं आणि निवडलेलीच भाजी पुन्हा निवडत बसल्या.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर तो आणि खारू भिंतीच्या घरी गेले. भिंत आधी बाहेर येईना. मग खारू आत गेली. थोड्या वेळानं दोघी कशावर तरी हसल्याचं ऐकू आलं. बाहेर बसचे ड्रायव्हर तपासनीसाला म्हणाले, “काल घरी आल्यावर मी पोरीला नाही नाही ते बोललो हो.” तपासनीस म्हणाला, “काठी माझ्या हातात होती.”

पुढच्या रविवारी त्यानं सगळ्यांना परत बोलावलं. “एकाच सामन्याचे दोन पंचनामे?” कोचनं कुरकुर केली. “पहिला चुकला,” तपासनीस म्हणाला. असं तो आजवर कधी बोलला नव्हता.

त्यानं काठी आणलीच नव्हती. व्हिडिओ लावला आणि आवाज पूर्ण मोठा केला.

खोलीत एकच कल्लोळ झाला. “मार! मार ना!” “अगं आंधळी आहेस का?” “काढा हिला बाहेर!” “पाय तोडा तिचे!”

“अगबाई, हा माझा आवाज?” एक आई तोंडावर हात ठेवून म्हणाली. “मी अशी ओरडते?”

“घरी यापेक्षा मोठ्यानं ओरडतेस,” तिची मुलगी म्हणाली. सगळ्या मुली फिसकन हसल्या. आईवडील मात्र हसले नाहीत. बसचे ड्रायव्हर खाली मान घालून बसले होते. ‘पाय तोडा’ हा आवाज त्यांचा होता.

शेवटचा गोल आला. भिंतीनं स्टिक उचलली. हेल्मेटच्या जाळीमागे खारूचं तोंड उघडलेलं दिसलं, पण ऐकू आला तो फक्त मोठ्यांचा आरडाओरडा.

“इथं ती काय ओरडली ते आपल्यामुळे ऐकू येत नाही,” तपासनीस म्हणाला. “आता ती सांगेल. आजपासून बाकाची शिक्षा बंद. कोच सरांशी मी बोललोय.”

खारू उठली आणि तिनं सांगितलं. ‘सोड, माझा!’पासून सगळं सांगितलं.

“आणि मी उचलली,” भिंत बसल्या जागेवरून म्हणाली. “गोलकीपरनं हाक दिली की सोडायचं असतं. पुढच्या वेळीही सोडेन.”

मग जे झालं ते त्या खोलीत कधी झालं नव्हतं. डाव्या बाजूनं खेळणारी मुलगी म्हणाली, “चौथ्या सत्रात माझ्या पोटरीत गोळा आला होता. सांगितलं असतं तर घाबरट म्हणाले असते, म्हणून तशीच पळत होते. त्यांचे सगळे हल्ले माझ्याच बाजूनं आले.” मधली मुलगी म्हणाली, “मला पिवळं कार्ड मिळालं, मी पाच मिनिटं बाहेर, तेव्हाच सगळ्या दमल्या.” शेवटी कोच घसा खाकरून म्हणाला, “बाकावर ताज्या दमाच्या मुली होत्या. हरायच्या भीतीनं मी कोणाला बदललंच नाही. ते माझं चुकलं.”

एका गोलामागे किती जण होते! आणि एका काठीच्या टोकाखाली ते सगळे लपले होते. सामना का हरलो, हे त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना कळलं. बाहेर पडताना भिंतीनं टेबलावरचा आपला टी-शर्ट उचलला, हुंगून पाहिला आणि म्हणाली, “कोणी धुतला पण नाही!”

वाचकहो, घर असो, कारखाना असो की खेळाचं मैदान, जिथं चुकणाऱ्याला आधी काठी दिसते तिथं चूक कोणी सांगत नाही. न सांगितलेली चूक सुधारता येत नाही, आणि लहान जिवाला ती आतून पोखरत राहते. ‘कोणी केलं?’ हे विचारण्याआधी ‘काय झालं?’ हे विचारू या, आणि ऐकताना आपला आवाज बंद ठेवू या.

क्लबातला पंचनामा तपासनीसानं सगळ्यांसमोर परत घेतला. घरातला अजून घेतलेला नाही. ‘कोणाकोणाला माहीत होतं?’ हा प्रश्न त्यानं भाऊ, मेहुणा आणि शेजाऱ्यांसमोर मोठ्यानं विचारला होता. त्या सगळ्यांना पुन्हा बोलावून, लेकीला शेजारी बसवून, तो प्रश्न चुकीचा होता हे सांगायचं राहिलं आहे.