ठरलेला भाव

दर शनिवारी सकाळी चहा झाला की प्रोग्रामर घराचा हिशेब उघडून बसायचा. त्यासाठी त्याने चांगले पैसे मोजून एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्यात दोघांचे पगार होते, घरभाडं होतं, बायकोच्या दाढेचा खर्चसुद्धा होता. पण त्याचा जीव अडकला होता सगळ्यात खालच्या ओळीत, कंपनीने दिलेल्या ऑप्शन्सच्या. ऑप्शन्स म्हणजे शेअर नव्हेत. शेअर एका ठरलेल्या भावाला विकत घेण्याचा हक्क, तोही चार वर्षं नोकरीत टिकलात तर. बाजारभाव त्याच्या वर गेला की मधला फरक आपला. सॉफ्टवेअर तो फरक स्वतःच काढून हिरव्या आकड्यात दाखवायचं. हातात दमडी न येता श्रीमंत व्हायची सोय होती ती.

नोकरी त्याला नकोशी झाली होती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि घरात माणसं होती दोनच. साहेब त्याचं काम स्वतःच्या नावावर खपवायचा, आणि हा रविवार संध्याकाळपासूनच सोमवारच्या नावाने चिडचिड करायचा. बायको फिजिओथेरपिस्ट. दुसऱ्या गावी तिच्या मावशीचं चालतं क्लिनिक होतं, वर राहायला दोन खोल्या. मावशीचे गुडघे आता पेशंटांच्या गुडघ्यांपेक्षा जास्त कुरकुरत होते आणि क्लिनिक तिला भाचीच्याच हाती द्यायचं होतं. भाचीलाही हॉस्पिटलातल्या पाळ्यांचा वीट आला होता. प्रोग्रामर नाही कधीच म्हणाला नाही. एवढं वर्ष जाऊ दे, म्हणाला. पुढच्या वर्षीही तेच म्हणाला. मावशीने तरी दुसरं कुणी बघितलं नाही, हा तिचा भाबडेपणा.

चौथं वर्ष भरायला थोडे महिने उरले असताना कंपनीचं मोठं गिऱ्हाईक सुटलं आणि शेअर गडगडला. बाजारभाव ठरलेल्या भावाच्या खाली गेला. दुकानात स्वस्त मिळणारी वस्तू महागात घ्यायचा हक्क कुणाला हवाय? त्या शनिवारी हिरव्या आकड्याच्या जागी शून्य होतं. बायकोला वाटलं, आता हा अंथरूण धरणार. तो चक्क हसला. हलकं वाटतंय, म्हणाला, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच आपणहून बोलला, "चल, जाऊया मावशीकडे."

तिला इतका आनंद झाला की तिने त्याला पुन्हा विचारलंसुद्धा नाही. लगेच मावशीला फोन केला, आणि सोमवारी हॉस्पिटलात राजीनामा देऊन मोकळी झाली. तिकडे मावशीने वरच्या खोल्यांना रंग काढायला घेतला. प्रोग्रामरचाही राजीनामा लिहून तयार होता. द्यायचा तेवढा राहिला होता.

आठवडाभर तो राहिलाच. शुक्रवारी कंपनीचं पत्र आलं. आपली माणसं टिकावीत म्हणून जुने ऑप्शन्स रद्द करून सगळ्यांना नवे मिळणार होते, आजच्या पडेल भावाला. चार वर्षं मात्र पहिल्यापासून मोजायची होती.

शनिवारी चहा झाल्यावर तो नेहमीच्या जागी बसला. नुसतं भरून बघतो, म्हणाला. संख्या भरली, नवा ठरलेला भाव भरला. मग शेअर पुन्हा पूर्वीइतका चढला असं मनानेच धरून तोही आकडा भरला. ओळ हिरवी झाली, पूर्वीपेक्षा मोठी. त्याचे खांदे पुन्हा कानांपर्यंत चढले. बायकोला ते पाठीमागूनही दिसलं, तिचा धंदाच तो.

राजीनामा दिलास का, तिने विचारलं. त्याने मान न वळवता समजावलं की आता प्रश्न फक्त चार वर्षांचा आहे, आणि मावशी इतकी थांबलीच आहे.

ती भांडली नाही. वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं. कप विसळून ती त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"वर माझा पगार अजून दिसतोय," ती म्हणाली. "तो काढून टाक. आणि भाडं पूर्ण तुझ्याकडे धर. मी एक तारखेला मावशीकडे जातेय."

"आणि मी?"

"तुझी चार वर्षं झाली की ये."

ती आत गेली. त्याने तिच्या पगाराची ओळ निवडली. ही ओळ नक्की काढायची का, असं सॉफ्टवेअरने विचारलं. कुठलीही ओळ काढताना ते असंच विचारायचं. आतून माळ्यावरची मोठी बॅग ओढल्याचा आवाज आला. ती बॅग तिला एकटीला खाली घेता येत नाही, हे त्याला माहीत होतं. उठून हात लावावा असं त्याला फार वाटलं, पण आधी एवढं नवं एकूण किती होतंय ते बघू, म्हणून तो बसून राहिला.