केरबा पेंटर दारू पीत नव्हता

गुरुपादप्पा ठेकेदाराचं घर यादीत नव्हतं. ते सिंधूनं स्वतः घातलं.

नांदेडच्या ज्या संस्थेत ती कामाला होती, तिनं त्या उन्हाळ्यात लातूरची जुनी घरं तपासायला घेतली होती. जुन्या तेलरंगात शिसं असतं. पोपडे सुटले की त्याची धूळ होते आणि ती लहान लेकरांच्या पोटात जाते. दोन हजार सोळाचं साल. शहराला पाणी रेल्वेनं येत होतं. फरशी पुसायला पाणी कुणाकडंच नव्हतं, त्यामुळं धूळ नुसती झाडली जायची आणि या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाऊन बसायची. लहान मूल असलेली जुनी घरं शोधताना सिंधूला कळलं, की गुरुपादप्पाच्या घरी तीन वर्षांची पणती आहे. तिनं लगेच नाव लिहून टाकलं.

तिचा बाप केरबा देवणीकडचा. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या, क्वार्टर, शाळा रंगवायची कामं निघाली, आणि केरबा गुरुपादप्पाकडं रंगारी म्हणून लागला. तेलात सफेदा, म्हणजे रंगाची पांढरी पूड, कालवायचा, जुना रंग खरवडायचा, काच पेपरनं घासायचा. अशी सात वर्षं. मग पोटात कळा यायला लागल्या. हिरड्यांवर निळसर रेघ उमटली. एक दिवस उजवा हात मनगटातून लोंबला तो परत उचललाच नाही. पायाडावरून ब्रश खाली पडला, तेव्हा गुरुपादप्पा सगळ्या माणसांपुढं ओरडला, "पिऊन येतो हरामखोर. हाकला याला."

केरबानं पंचशील घेतलेलं होतं. दारूचा थेंब कधी त्याच्या ओठाला लागला नव्हता. पण तो जिथं काम मागायला जाई, तिथं त्याची बदनामी आधीच पोचलेली असे. शेवटी बायको धुरपताबाईच्या माहेरी, मुदखेडला, पाच वर्षं खाटेवर काढून तो गेला. मयतीला आलेल्या बायासुद्धा कुजबुजल्या, दारूनं खाल्लं याला. सिंधू तेव्हा चौदा वर्षांची होती. पुढं कॉलेजात एका पुस्तकात तिला बापाचा हात सापडला. लोंबणारं मनगट, पोटातली कळ, निळी रेघ, सगळं एकाच परिच्छेदात, शिशाच्या विषबाधेखाली. त्या दिवसापासून ती वाट बघत होती.

गुरुपादप्पा आता ऐंशीकडं झुकला होता. त्यानं तिला ओळखलं नाही. "बसा मॅडम," म्हणाला. "आमच्या घरात काय सापडायचंय? अस्सल माल वापरलाय. पंच्याऐंशीपासून रंग तसाच हाय."

नातसून गौरम्मा मुलीला कडेवर घेऊन मागं मागं फिरत होती. सिंधूनं शिसं मोजायचं पिस्तुलासारखं यंत्र खिडकीच्या चौकटीला टेकवलं. एकच्या वर आकडा गेला की धोका मानतात. इथं अकरा आला. दाराला नऊ. पाळण्याजवळच्या कपाटाला तेरा.

तिला आनंद झाला. अगदी खरा, पोटातून उसळलेला आनंद. मग तिला वाटलं, यंत्र बंद करावं, सगळं ठीक आहे म्हणावं आणि निघून जावं. बसू दे म्हाताऱ्याला पणतीचे हाल बघत. खिडकीच्या कडेवर बारीक दातांचे ओरखडे होते. ते दिसले तेव्हा तिनं आकडा गौरम्मापुढं धरला. पण क्षणभर आपण काय ठरवलं होतं, याची तिला पुढं कित्येक दिवस भीती वाटत राहिली.

"लेकरू हे चावतं का?"

"हाव. सारखं. पोट दुखतंय म्हणून रडतंय बी लई."

"आजच रक्त तपासून घ्या. या खोलीत तिला आणू नका. रंग खरवडू नका, आणखी धूळ उडंल. वापरलेल्या पाण्यात फडकं भिजवून पुसा, पण पुसा."

गुरुपादप्पा उठून जवळ आला. "मॅडम, हे कागदावर नका घेऊ. गावात आमच्या पेंटच्या दुकानाचं नाव हाय."

"कागदात रकाना आहे, अप्पा. रंग कुणी दिला?"

"माझाच माणूस होता. केरबा. काय हात होता त्याचा! पुढं दारूनं वाया गेला."

सिंधूनं पेन थांबवलं. "पोटात कळा यायच्या त्याच्या?"

"यायच्या की."

"हिरड्या निळ्या? हात मनगटातून लोंबलेला?"

म्हातारा तिच्याकडं बघायला लागला. "तुमाला कसं ठाव?"

"तुमच्या सफेद्यातल्या शिशानं होतं तसं. दारूनं नाही. मी केरबाची मुलगी."

गुरुपादप्पा खुर्चीत जाऊन बसला. बोलणं ऐकून त्याची दोन्ही मुलं आणि शेजारचा चंद्रप्पा दारात येऊन उभे राहिले होते. सिंधूला हेच हवं होतं. ती मोठ्यानं म्हणाली, "हाच माल आणखी कुठं कुठं लावलात, ते सांगा. सगळ्यांपुढं. मी लिहिते."

"मला याद न्हाई."

तेव्हा गौरम्मा पुढं आली. ती या घरात मोठ्यांपुढं कधी बोलली नव्हती. "अप्पा, सांगा. माझ्या लेकराच्या पोटात गेलंय ते. दुसऱ्यांची लेकरं बी हायत."

म्हातारा बोलायला लागला. एक एक शाळा, एक एक क्वार्टर. मधे थांबला की गौरम्मा म्हणे, "पुढं." सतरा जागा निघाल्या. मुलांनी माना खाली घातल्या. शेवटी सिंधूनं आणखी एक ओळ लिहिली आणि त्याला वाचायला लावली: केरबा रंगारी दारू पीत नव्हता, तो कामातल्या शिशानं आजारी पडला आणि मी त्याला खोटं बोलून काढलं. त्यानं सही केली.

"पोरी, आता झालं समाधान?"

"नाही," सिंधू म्हणाली आणि चंद्रप्पाची साक्षीला सही घेतली.

मुलीच्या रक्तात शिसं निघालं, पण वेळेत कळलं होतं. महिन्याभरात तिचं पोट दुखायचं थांबलं. सतरापैकी चार शाळांचे वर्ग बंद करून चौकटी बदलाव्या लागल्या. प्रत्येक शाळेत लोक विचारत, रंग कुणी दिला होता? दुकानाच्या पाटीवरून मुलांनी बापाचं नाव खोडलं. म्हातारा बाहेर पडेनासा झाला. सिंधूला त्याची दया आली नाही. यावी म्हणून तिनं प्रयत्नही केला नाही.

मुदखेडला धुरपताबाईनं सगळं दोनदा सांगायला लावलं. "त्याचं तोंड कसं झालं, ते पुन्यांदा सांग." मग तिनं त्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली, पायात चपला सरकवल्या आणि भर उन्हात निघाली. मयतीला कुजबुजलेल्या बायांपैकी तीन अजून जिवंत होत्या.

पहिलं घर साखराबाईचं. धुरपताबाईनं तिच्या नातीच्या हातात कागद दिला.

"वाच," म्हणाली. "मोठ्यानं. तुझ्या आजीला कमी ऐकू येतंय."