ताईचा चमचा

"मावशी, मीठ कमी करा म्हणून मागच्या खेपेला बजावलं होतं की नाही?" डॉक्टरीणबाईंनी ताईच्या पायावर अंगठा दाबून उचलला. खळगा तसाच राहिला.

"केलंय की! भाजीत नावाला घालते. वरून घेणं तर बंदच."

"मग हे पाय काय हवेनं फुगले?"

ताई जणू याच प्रश्नाची वाट पाहत होती. तिनं पिशवीतून एक रिकामा, धुतलेला डबा काढून टेबलावर ठेवला. पिवळं झाकण, त्यावर 'चीज-चवीचं डिप' अशी ठसठशीत अक्षरं.

"चार वाजता चहाबरोबर पावाला लावते तेवढंच. तेही मोजून. हे बघा, मागे लिहिलंय. एका वेळेला दोन चमचे, मीठ शून्य पूर्णांक छत्तीस ग्रॅम. तिसरा चमचा कधी घेत नाही मी. आणि हे कुणा सोम्यागोम्यानं लिहिलेलं नाही. हा माझा भाऊ लिहितो!"

दाराशी बसलेल्या भावाकडे डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मग ताईला विचारलं, "चमचा केवढा आहे तुमचा?"

"केवढा म्हणजे? चमच्याएवढा!"

भाऊ टेबलाशी आला आणि डब्याची मागची बाजू वाचू लागला. तो त्या डिपच्या कारखान्यात तपासनीस होता. गेली सव्वीस वर्षं तो एका खोलीत डिप वाळवत, जाळत, गाळत आला होता. डब्याच्या मागचा तेल, मीठ, साखर यांचा चौकोन त्याचाच. डिपमध्ये चीज शंभरात दोन भाग, बाकी तेल, पीठ, दुधाची भुकटी, मीठ आणि रंग. चीज आणि चीज-चव यांचं नातं मानलेल्या भावासारखं, असं तो गमतीनं म्हणायचा. पण चौकोनातला एकही आकडा त्यानं आजवर खोटा लिहिला नव्हता. याचा त्याला अभिमान होता, आणि त्याच्याहून जास्त ताईला. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली. तेव्हापासून किराणा आणताना ती प्रत्येक डबा उलटा करून वाचायची आणि दुकानदाराला ऐकवायची, "आमच्याकडे घरचा माणूस आहे यातला."

घरी आल्यावर तो म्हणाला, "ताई, रोज घेतेस तसं काढून दाखव बरं."

तिनं खणातून आईचा चमचा काढला. आईच्या वापरातला, वाढायचा, खोलगट. डिप चांगलं शिगोशीग भरून तिनं दोन वेळा वाटीत उतरवलं आणि चमच्याची कड बोटानं पुसून घेतली. तो रोज सातलाच घराबाहेर पडायचा, चारचा चहा त्यानं कधी पाहिलाच नव्हता. दिवसभर डिपचा वास घेऊन घरी त्याला ते नजरेसमोरही नको व्हायचं.

"बघ, दोनच," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वाटीतलं ते डिप त्यानं डबीत घालून, आईच्या चमच्यासकट कारखान्यात नेलं आणि काट्यावर ठेवलं. अठ्ठेचाळीस ग्रॅम. डब्यावर लिहिलेले दोन चमचे बारा ग्रॅमचे होते. म्हणजे ताई रोज चौपट मीठ खात होती, तेही नियम पाळून.

सहा ग्रॅमचा तो चमचा समोरच्या खणात होता. आठ वर्षांपूर्वी साहेबांनी तो आणून दिला होता. तोवर कारखान्यातही घरातल्यासारखाच चमचा वापरत. पण मिठाचा आकडा मोठा दिसतो, गिऱ्हाईक डबा परत ठेवतं, अशी ओरड झाली. साहेब म्हणाले होते, "आकडा खोटा लिहा असं मी म्हणतोय का? चमचा बदला फक्त." त्यानं बदलला. बाहुलीच्या भातुकलीतला शोभावा एवढासा चमचा, तोही सुरीनं सपाट करून. बाजूला ग्रॅम लिहिले होतेच, अगदी बारीक अक्षरात. त्या दिवसापासून कारखान्यात त्याला 'साहेबांचा चमचा' म्हणू लागले. तोही हसायचा. हसण्यावारी नेलं की बोचत नाही, अशी त्याची समजूत होती.

दुपारी साहेबांनी बोलावलं. नव्या डब्याचं वेष्टन टेबलावर पसरलं होतं. 'आता आणखी मलईदार.' खाली तपासनिसाच्या सहीची जागा.

"साहेब, यावर चमचे नकोत. शंभर ग्रॅमचा आकडा मोठ्या अक्षरात लिहू. नाहीतर चमचा तरी खरा घेऊ," असं म्हणून त्यानं पिशवीतून आईचा चमचा काढून वेष्टनावर ठेवला.

"हे काय?"

"माझी बहीण यानं खाते."

साहेब हसले. "आज बहिणीचा चमचा, उद्या कुणाच्या तरी काकूचा डाव आणाल! घराघरातली भांडी मोजत बसायचं का आपण?"

"आपला चमचा कुणाच्याच घरात नसतो, साहेब. मी आठ वर्षांत एकाही घरात पाहिला नाही."

साहेबांचं हसू मावळलं. "सव्वीस वर्षं झाली तुम्हाला इथं. खाल्ल्या मिठाला तरी जागा."

"मीठ ताईनं खाल्लं, साहेब," तो म्हणाला. "मी सही नाही करणार."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि रिकाम्या जागेत स्वतःच सही केली. "तुमची नसली तरी माझी चालते," ते शांतपणे म्हणाले. "या आता."

जिना उतरताना त्याला राग आला, तो स्वतःचाच. सही नाकारायला आठ वर्षं लागली, आणि नाकारल्यानं कुणाचं काही अडलं नाही.

घरी ताई स्वयंपाक करत होती. त्यानं चपला काढल्या आणि ओट्याला टेकून सगळं सांगून टाकलं. आईचा आणि कारखान्याच्या खणातून आणलेला, दोन्ही चमचे शेजारी शेजारी ठेवले. ताईनं छोटा चमचा उचलला, बोटांत फिरवला.

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"हा लहान आहे हे ठाऊक होतं. तुझा मोठा आहे हे नव्हतं."

"विचारायचंस की रे."

ताईनं पाठ फिरवली. ती भाजी ढवळू लागली. दुकानदाराला ती आता काय सांगेल, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला अतिशय वाईट वाटलं.

मग तिनं मिठाची बरणी उघडली, थोडं मीठ डाव्या तळहातावर घेतलं आणि तो हात त्याच्यापुढे धरला.

"छापलेलं नको आता. तू बघून सांग. दोघांच्या भाजीला एवढं चालेल?"

त्याला मान वर करवेना. तिच्या तळहातावरचं निम्मं मीठ त्यानं चिमटीनं उचललं, बरणीत परत टाकलं, आणि पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"चालेल," तो म्हणाला.