शेवटी काढायचे डोळे

आमच्या ठिपकीला कुणी चित्रकार म्हटलं की मला हसू येतं, कारण ती एक नाहीच, चार-पाच जणी आहेत. माझी ही धाकटी बहीण जपानी मांगा, म्हणजे तिकडच्या चित्रकथा, वाचत मोठी झाली. ती पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. त्या सवयीने ही बया वर्तमानपत्रसुद्धा शेवटच्या पानापासून उघडते. तिचं पहिलं चित्रपुस्तक येणार होतं, आमच्याच घराची गोष्ट. ती कागदावर काढायची, मी पानं स्कॅन करून डाग पुसायचो आणि फुग्यांमध्ये संवाद बसवायचो. माझा पोटापाण्याचा धंदाच तो.

पण काय पानं होती! आई चिडली की एकदम बुटकी, भोपळ्याएवढ्या डोक्याची, कानांतून वाफ सोडणारी. तीच आई बाबांच्या आजारपणात जाड ब्रशच्या दोन-तीन फटकाऱ्यांत उभी. पाठ तेवढी दिसते, पण रडतेय हे कळतं. बाबांच्या खोलीत मात्र ठिपकीची रेघ केसासारखी बारीक. औषधाच्या बाटलीवरचं लेबल, चादरीची घडी, काही म्हणून सोडलेलं नाही. त्या पानांवर शब्द नव्हते, म्हणजे मला कामच नव्हतं, तरी मी तिथेच रेंगाळायचो. आणि ती सायकल शिकते त्या पानावर तर ना सायकल, ना मुलगी, नुसत्या सुसाट रेघा! "एक काहीतरी धर की गं," असं मी तिला चिडवायचो. मनातून मला तिच्या त्या धरसोडीचा फार अभिमान होता.

थोरल्या भावाचे चेहरे तेवढे कोरे होते. थोरला भाऊ म्हणजे मीच, ते उघडच होतं. कधी टेबलाशी वाकलेला, कधी दारात उभा, कधी जेवायला बसलेला. केस, कान, चष्म्याची चौकट, सगळं जागच्या जागी, फक्त डोळे नाहीत. मला त्यात नवल वाटलं नाही. ठिपकी डोळे नेहमी शेवटी काढते, सगळ्या पानांवरची शाई वाळली की मग, एका बैठकीत. शेवटच्या पानावर मात्र माझे डोळे होते. लहानगी ठिपकी चित्र काढतेय आणि भाऊ तिच्या खांद्यावरून ते बघतोय. किती मायेने काढले होते तिने ते!

छापखान्यातून फोन आला, पानं आजच हवीत. ठिपकी शेजारच्या खोलीत गाढ झोपली होती, कामाने पार पिळून निघालेली. तिला उठवायचं माझ्या जिवावर आलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला हौस आली होती. तिचे सगळे हात मी ओळखतो, मग दोन डोळे काढता येणार नाहीत? शेवटच्या पानावरचेच डोळे समोर ठेवून मी ते एकेका पानावर काढत गेलो, कुठे जाड, कुठे बारीक, त्या त्या पानाच्या रेघेला धरून. बेमालूम जमले. ती उठल्यावर सांगायला हवं होतं. पण म्हटलं, पुस्तकातच बघू दे, खूश होईल.

पुस्तकं आली. ठिपकीने वरचं उचललं, थोडी पानं उलटली आणि थांबली. पुन्हा मागे गेली.

"दादा, हे डोळे?"

"मीच काढले. तुझे राहिले होते ना! वेगळे ओळखू येतायत का सांग."

"नाही. छान जमलेत." मग खाली बघत ती म्हणाली, "राहिले नव्हते रे. बाबा गेल्यावर तू नुसता कामात असायचास. माझ्याकडे बघायचाच नाहीस. शेवटच्या पानावर पहिल्यांदा बघतोस. म्हणून तिथेच डोळे."

मी फोन उचलला. "प्रकाशकांना सांगतो. थांबवतो सगळं."

"दुकानात पोचलीसुद्धा पुस्तकं. राहू दे." पुस्तक मिटून ती उठली. "चहा घेतोस?"

ती भांडली असती, पुस्तक अंगावर भिरकावलं असतं, तर बरं झालं असतं. इतकी वर्षं मनात ठेवलेली तक्रार तिने एकदाची मांडली होती, आणि मी त्या तक्रारीवर मायेचे डोळे चिकटवून मोकळा झालो होतो. तिने मला शेवटच्या पानावर माफ केलं होतं. मी स्वतःला पहिल्या पानापासूनच माफ करून टाकलं. मला फार लाज वाटली. अजून वाटते.

मग एका दुकानात तिचा सह्यांचा कार्यक्रम ठेवला होता. ठिपकी टेबलाशी बसली होती, मी मागे पुस्तकांचे गठ्ठे सोडत होतो. कॉलेजातली एक मुलगी पुस्तक छातीशी धरून पुढे आली.

"ताई, तुमच्या पुस्तकात एकही माणूस दोनदा सारखा दिसत नाही, तेच मला फार आवडलं," ती म्हणाली. "फक्त दादाचे डोळे तेवढे सगळीकडे तेच. पहिल्यापासून त्याचं तुमच्यावर किती लक्ष असतं, नाही?"

ठिपकीचं पेन थांबलं. मी तिच्या पाठीशीच होतो. 'ते मी काढलेत', एवढंच म्हणायचं होतं.

"हो," ठिपकी म्हणाली आणि तिने सही केली.

ती माझ्यासाठी खोटं बोलली, आणि मी खाली मान घालून गठ्ठ्याची दोरी सोडत राहिलो.