उजव्या पिळाच्या कळ्या

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. कळीबाबांनी जास्वंदीची मिटलेली कळी उंच धरली. "आत काय आहे, कुणाला दिसतंय? मला दिसतंय! उजवा पीळ! म्हणजे होकार!" आणि त्यांनी ती हलकेच उलगडली. पाचही पाकळ्यांची उजवी कड शेजारणीवर चढलेली. अशा लागोपाठ तीन कळ्या निघाल्या नि टाळ्यांनी छप्पर दणाणलं. खोकल्यापासून कोर्टकज्ज्यापर्यंत बाबांचं उत्तर कळीत तयार असे.

थोरली धाकट्या बहिणीच्या हट्टापायी पहिल्यांदाच आली होती. धाकटीच्या स्तनात गाठ होती. गाठ आपोआप विरघळेल का, असं तिनं बाबांना विचारलं, उजवी कळी निघाली आणि तिनं ऑपरेशनची तारीख मोडली. त्याला दोन महिने झाले. थोरली समजावून समजावून थकली होती.

बाबांनी पुढची कळी काढली, तेव्हा तिची नजर टोपल्यांवर पडली. एकीवर निळं फडकं, दुसरीवर पांढरं. दोन्ही तिनंच धुतलेली.

ती आणि तिचा नवरा एकाच रोपवाटिकेत कामाला होते. रोज सकाळी तो तिच्यापुढे कळ्या ओतायचा. "उजव्या पिळाच्या निळ्यात, डाव्या पांढऱ्यात. गुच्छवाल्याला एकसारख्या लागतात." कळीचं टोक पाहिलं की कुठली पाकळी कुणावर चढलीय, हे तिला लगेच कळायचं. गुच्छवाल्याचं तोंड मात्र तिनं कधी पाहिलं नव्हतं.

ती ताडकन उठली.

"बाबा, आता पांढऱ्यातली काढा की!"

"माई, शंका घेतली की कळी रुसते."

"रुसू दे!" तिनं व्यासपीठावर जाऊन दोन्ही टोपल्या उपड्या केल्या, कळ्या कालवल्या. "ही डावी. ही उजवी. ही डावी." बोलायची आणि उलगडून दाखवायची. एकही चुकली नाही. "एकाच झाडाला दोन्ही पिळांच्या कळ्या येतात. टोकाला पीळ दिसतो. हा बाबा होकाराला निळ्यात हात घालतो, नकाराला पांढऱ्यात. निवडून मी देते!"

बाबांना अचानक खोकला लागला. ते पडद्याआड गेले, ते गेलेच.

नवरा दाराशी उभा होता.

"अहो, तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, तिला जरा धीर आला, एवढंच..."

"माझ्या बहिणीचा जीव पणाला लावलात! तोही माझ्याच हातांनी!"

थोरलीला वाटलं, या माणसाशी आपण इतकी वर्षं कसा संसार केला?

धाकटीनंही तिचा हात झिडकारला. "ताई, एकीकडे मला समजावत होतीस, आणि कळ्या तूच निवडत होतीस!"

"मला खरंच माहीत नव्हतं गं. पण तुला खरं उत्तर हवंय ना? कळीला फक्त तिच्या पाकळ्या ठाऊक. तुझी गाठ तपासून पाहावी लागते. ते काम डॉक्टरांचं."

धाकटी कितीतरी वेळ रडली. मग पदरानं डोळे पुसून तिनं विचारलं, "दोन महिने गेले गं ताई. आता देतील का ते तारीख?"

"चल, आत्ताच विचारू," थोरली म्हणाली, आणि नवऱ्याकडे न बघता दोघी त्याच्या बाजूनं बाहेर पडल्या.