सहा हजार डॉलरवाल्याचा एक हात

१९६१ चा फेब्रुवारी. डोमिनिका बेटावरच्या आमच्या बेल-रोश गावात मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला शिवणयंत्र हवं होतं. शहरातल्या बँकेतला माणूस माझ्या अनवाणी पायांकडे बघत म्हणाला होता, “जमीन किती?” आले तशी परत फिरले.

राहिली गावची पतपेढी. रविवारच्या प्रार्थनेनंतर शाळेत भरायची. आम्ही पंचवीस-पंचवीस सेंट टाकायचो. कर्ज मागितलं की चिटणीस सेप्टिमस चांभार एवढंच विचारायचा, “हमी कोण राहतंय?” माझ्यासाठी शेजारची मा फिफीन उभी राहिली होती.

वार्षिक सभेत केळीच्या मळ्याचे मालक मिस्टर डेलसोल उठले. त्यांनी नुकतेच सहा हजार डॉलर ठेवले होते.

“यापुढे जमीन नसेल त्याला कर्ज नाही. माझे पैसे आहेत, माझं मत जड.”

माझं कर्ज अजून हातात आलं नव्हतं आणि जमीन तर वीतभरही नव्हती.

“साहेब,” सेप्टिमस म्हणाला, “ती बँकेची रीत. इथं माणशी एक हात.”

डेलसोल हसले. मळ्यातल्या बावीस मजुरांना त्यांनीच पहिला हप्ता भरून सभासद केलं होतं. “घे मोजून. माझे हात कमी नाहीत.”

“विरोधात कोण?” सेप्टिमसनं विचारलं.

कुणी हलेना. मजूर जमिनीकडे बघत होते. आणि पहिल्या रांगेतून जाळीचा पांढरा हातमोजा वर गेला. मिस्टर डेलसोलांच्या बायकोचा!



“उजेनी! हात खाली घे!”

“माझे पंचवीस सेंट आहेत, अंब्रोझ. अंडी विकून भरलेत.”

मागून मा फिफीन पुटपुटली, “देवा, बाईनं आज जेवणावर पाणी सोडलं!”

मग एक मजूर, मग दुसरा, मग सगळेच. मी इतकी थिजले होते की माझा हात मा फिफीननंच कोपराला धरून वर केला. विरोधात एकसष्ट, बाजूनं तीन.

डेलसोलांनी सोमवारीच पैसे काढून बँकेत नेले. नंतर सोळा वर्षं जगले, शाळेकडे फिरकले नाहीत. सेप्टिमस बार्बाडोसला लेकाकडे गेला, तिथंच वारला. मा फिफीन एकोणऐंशीच्या वादळानंतर फार टिकली नाही. माझ्या यंत्रावर अर्ध्या गावाच्या पोरांचे गणवेश शिवले गेले. उजेनीबाई अकरा वर्षं पतपेढीच्या अध्यक्ष होत्या. त्या रविवारी घरी गेल्यावर काय झालं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची आमची छाती झाली नाही.