तीनदा पाणी

"कोण हलवतं हा नळ इथून, देव जाणे…" तो पुटपुटला. नळ त्याच्याच कोपराशी होता—बोटाएवढा, पितळी, रोपवाटिकेतून नमुना म्हणून आणलेला. तिनं मान वर केली नाही.

रोपांना पाणी देणारा प्रोग्राम नवराबायको मिळून लिहीत होते, चिकटवलेल्या दोन टेबलांवर. दोघंही भांडत, चुकत आपले आपणच शिकलेले. प्रोग्रामच्या ज्या तुकड्याला क्लास म्हणतात, त्याला काही विचारलं की उत्तर येईस्तोवर आपण खोळंबून. अ‍ॅक्टर नावाच्या तुकड्याचं तसं नाही, त्याच्या पेटीत निरोप टाकायचा नि आपल्या कामाला लागायचं, तो आल्या क्रमानं एकेक उचलणार, निमूट करणार—आणि त्याच्या पोटात शिरून बघायची कुणाला सोय नाही. "थोडक्यात, तुझी आई," असं त्यानंच तर समजावलं होतं, डोळे मिचकावत… तेव्हा तो एकदाच सांगायचा.

परवा त्यानं 'पाणी सोड' ही एकच ओळ तीनदा लिहिली. नळही अ‍ॅक्टरच, तो बिचारा कशाला विचारतोय, आत्ताच सोडलं ना म्हणून? तीनदा सोडलं. रोपवाटिकेच्या मालकिणीचा फोन: "वहिनी, रोपं पोहायला शिकली हो!" माझीच चूक, बायको फोनवर म्हणाली, त्याच्यादेखत. तो संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिला.

तेव्हापासून दुपारी तो लवंडला की ती त्याची फाइल उघडते, जादाच्या ओळी पुसते. पुसते मी, मग काय करू? लेक विचारते, बाबा बरे ना, की मी म्हणते, अगदी मजेत—आणि तीही लगेच दुसरं काही बोलते, जणू आमचं ठरलेलंच…

आत्ताही तो लिहीत होता, ती कडेनं बघत होती. पाणी सोड. तो थांबला, नळ फिरवून पाहिला. पाणी सोड.

"चहा टाकू?" ती घाईनं म्हणाली.

"आत्ताच प्यायलो ना?" आणि मग, हलकेच, "प्यायलो ना?"

"हो रे. मीच विसरले."

"तू नाही विसरलीस." त्यानं खुर्ची तिच्याकडे वळवली. "माझ्या ओळी पुसतेस तू. दोनदा लिहिल्याचं मला कधीकधी आठवतं गं, आणि बघतो तर एकच. म्हणजे बरोबर आठवलेलंही चुकीचंच वाटायला लागतं."

इतके दिवस तिला वाटत होतं, आपण त्याला सावरतोय… पुसलेली एकेक ओळ आता तिच्याच आत येऊन पडत होती, आणि कुठली आधी उचलावी ते कळत नव्हतं.

"मी विसरायला लागलोय," तो म्हणाला. "हे तरी पुसू नकोस."